वास येत नाही

सरकारी प्रतवारी कार्यालयात नाकबाईंचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं आणि तिथून ते कधी बाहेर पडलं नाही. मागून सगळे नाकबाई म्हणत, समोर नुसतं बाई. बाईंना ते ठाऊक होतं आणि आतून आवडतही होतं, पण कुणी तोंडावर म्हटलं असतं तर त्यांनी त्याचा त्या दिवसापुरता जीव नकोसा केला असता. नाक दिसायला तसं काही खास नव्हतं. चपटं आणि जरा डावीकडे झुकलेलं. लग्नाआधी बघायला आलेल्या सासूबाईंनी ते बघून स्वतःचं मुरडलं होतं. पुढे याच नाकाने सासूबाईंनी कपड्याच्या साबणात दडवलेली चॉकलेटं महिन्याभरात हुडकली, तेव्हापासून घरात त्या विषयावर कुणी बोललं नाही.

कार्यालय म्हणजे एका अवाढव्य गोदामाच्या पाठीला चिकटलेल्या दोन खोल्या, एक जिना आणि ट्रक वळवायला पुरेल एवढं अंगण. दवाखान्यांना, वसतिगृहांना आणि तुरुंगांना जाणारं धान्य आधी इथे यायचं. पोत्यात पोकळ सळई खुपसून मूठभर नमुना काढायचा, तो पत्र्याच्या ताटात पसरायचा आणि छापील कागदावरचे चार रकाने भरायचे: ओल, कचरा, दाणा, वास. मग पहिली प्रत, दुसरी, तिसरी किंवा नापास. नमुना हा शब्द या कार्यालयात ताटातल्या धान्यासाठी वापरत आणि टेबलामागे बसलेल्या माणसांसाठीही, आणि बऱ्याचदा दुसरा अर्थच जास्त लागू पडायचा.

साहेबांचंच बघा. साहेबांची पदवी माशांच्या शास्त्रातली, म्हणून सरकारने त्यांना धान्यावर नेमलेलं. तसा माणूस वाईट नव्हता. फक्त सही करण्यापलीकडे कशातही नाक खुपसायचं नाही, हे त्यांनी नोकरीच्या पहिल्या दिवशी ठरवलं होतं आणि शब्द पाळला होता.

ओलीसाठी यंत्र होतं, कचऱ्यासाठी चाळणी आणि दाण्यासाठी भिंग. वासासाठी काहीच नव्हतं. वासाचं यंत्र मागवायची फाइल अकरा वर्षं फिरत होती, आणि हमाल सुतळीमामांच्या मते आता त्या फाइललाच वास यायला लागला होता. यंत्र येईपर्यंत बाईंचं नाक हेच सरकारी यंत्र. खरं तर बाई इथे टंकलेखक म्हणून लागल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या टेबलावरच्या ताटाकडे न बघता त्या म्हणाल्या, "हे तांदूळ रॉकेलशेजारी ठेवले होते का हो?" तेव्हाचे निरीक्षक तेच तांदूळ पहिल्या प्रतीत घालायला निघाले होते. त्यांनी पेन खाली ठेवलं, आणि वर्षभरात बाईंचं टंकलेखन यंत्र कपाटावर गेलं ते कायमचं.

तीस वर्षं झाली त्याला. वासाच्या रकान्यात माल चांगला असला की तीनच शब्द लिहायचे: वास येत नाही. वाईट असला की कुबट, खवट, औषधाचा, जे असेल ते. बाईंचे शेरे वाचायला वरच्या कार्यालयातले लोक म्हणे कागद शोधून काढत. एकदा त्यांनी लिहिलं, 'उंदीर. अजून आत.' पोतं उलटं केलं, तर होता. व्यापारी त्यांना टरकून असत, आणि बाई नाकावर माशी बसू देत नसत. न हुंगता बाईंनी एकही माल पास केला नव्हता. तापात असतानासुद्धा त्या रिक्षाने आल्या, हुंगलं, सही केली आणि परत गेल्या. न तपासता सही करणाऱ्यांना त्या लबाड म्हणत नसत. लबाड तरी काही मेहनत घेतो, असं त्यांचं म्हणणं.

निवृत्तीला आठ महिने राहिले असताना बाईंना सर्दी झाली. साधी सर्दी. दहा दिवस शिंका, दहा दिवस वाफारे, मग सर्दी गेली. जाताना काय घेऊन गेली, ते बाईंना आधी कळलं नाही. कळलं ते नवऱ्यामुळे.

बाईंचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डॉक्टरांनी सिगारेट बंद केल्याला सहा वर्षं झाली होती आणि ती सहा वर्षं तो रोज ताकाला जाऊन भांडं लपवत होता. लवंग चघळायची, साबणाने बोटं धुवायची, वाऱ्यावर अर्धा तास उभं राहायचं, आणि दार उघडलं की बाई खुर्चीतूनच म्हणायच्या, "एक, आणि कुणाच्या तरी पाकिटातली. तुमची नाही ही." हा संसाराचा नेमच होता. त्या आठवड्यात तो सोमवारी ओढून आला, बाई काही बोलल्या नाहीत. मंगळवारी दोन ओढल्या, बाई वर्तमानपत्र वाचत राहिल्या. बुधवारी त्याने लवंगसुद्धा खाल्ली नाही. सरळ जाऊन बाईंच्या शेजारी बसला. बाईंनी त्याला चहा दिला.

गुरुवारी नवऱ्याला राहवेना.

"अगं, माझं काही चुकलंय का?" तो म्हणाला.

"का हो?"

"तीन दिवस ओढतोय मी. तू बोलत का नाहीस? डॉक्टर तुला एकटीला बोलावून माझ्याबद्दल काही म्हणाले का? आता ओढली काय नि नाही ओढली काय, असं काही आहे का?"

बाई उठल्या, त्याच्या शर्टाची कॉलर धरून नाक लावलं आणि जोरात श्वास घेतला. काही नाही. स्वयंपाकघरात जाऊन लसूण ठेचला, काही नाही. न्हाणीघरातली फिनेलची बाटली उघडली, नुसती हवा. त्या तिथेच बादलीवर बसल्या. एवढी भीती त्यांना बाळंतपणातही वाटली नव्हती.

डॉक्टरांनी टॉर्च घालून आत बघितलं आणि म्हणाले, "येईल परत. नाहीतर नाही येणार." बाई म्हणाल्या की एवढं तर आमचे साहेबही सांगू शकले असते.

नियम सरळ होता. निरीक्षकाचं कुठलंही इंद्रिय अधू झालं की त्याने लेखी कळवायचं, मग त्याला जिन्याखालच्या आवक-जावकच्या टेबलावर बसवायचं. तिथे आलेल्या पत्रावर आलं म्हणून शिक्का मारायचा आणि गेलेल्यावर गेलं म्हणून. बाईंनी ते टेबल बघितलं, त्यावरचा वाकडा दिवा बघितला आणि कळवायचं सोमवारवर टाकलं. सोमवारी मंगळवारवर. तीस वर्षं नाकाने कांदे सोललेल्या बाईचं असं झालं होतं, आणि त्याची लाज त्यांना दिवसभर वाटत होती.

ताटावर वाकलेल्या बाई नुसता श्वास घेताहेत, हे ओळखलं ते सुतळीमामांनी. मामा बाईंपेक्षा वयाने मोठे. पोत्याची शिवण एका हिसक्यात उसवायची त्यांची हातोटी होती, आणि उसवलेल्या सुतळीचा भोपळ्याएवढा गुंडा त्यांच्या कपाटात होता. तो कशासाठी, ते कुणालाच माहीत नव्हतं. मामांनाही नसावं.

"बाई, नाक बसलंय ना?" त्यांनी हळूच विचारलं. "मी आहे की. पोतं उसवताना मला वास येतोच. चांगला असेल तर एकदा खोकतो, वाईट असेल तर दोनदा. तुम्ही लिहा."

हे चुकीचं आहे, हे बाईंना कळत होतं. पण मामांचं नाकही सरकारीच, पगार तेच सरकार देतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. माणूस एकदा स्वतःची समजूत घालायला लागला की त्याच्याइतका ऐकणारा दुसरा कुणी सापडत नाही. पंधरा दिवसांत मामा एकोणीस मालांवर खोकले. बाईंनी तसं लिहिलं, साहेबांनी सह्या केल्या.

मग चारशे पोती तांदूळ आले. दवाखाने आणि मुलींची वसतिगृहं, दोन्हीकडे जाणारे. व्यापारी नवा होता. दाढी गुळगुळीत, केस गुळगुळीत, चेहरा त्याहून गुळगुळीत, म्हणून मामांनी ट्रकमधून उतरतानाच त्याचं नाव गुळगुळीत शेठ ठेवलं. मामांनी शिवण उसवली. बाई ताट घेऊन उभ्या राहिल्या. मामा एकदा खोकले. थांबले. पुन्हा खोकले. मग शेठकडे बघून तिसऱ्यांदा खोकले.

बाईंनी त्यांना ट्रकमागे नेलं.

"तीन म्हणजे काय मामा?"

"तीन म्हणजे मला कळत नाहीये."

"कळत नाही म्हणजे? नाक आहे ना तुम्हाला?"

मामांनी मान खाली घातली आणि खिशातून तपकिरीची डबी काढून दाखवली. "चाळीस वर्षं ओढतोय बाई. मला कुठला आलाय वास? मी मालकाच्या तोंडाकडे बघायचो. माल वाईट असला की मालक चहा विचारतो. फारच वाईट असला तर घरच्यांची तब्येत विचारतो. हा शेठ मेला काहीच विचारत नाही, तोंडावरची सुरकुती हलत नाही. कशाच्या जोरावर खोकू?"

बाईंना आधी हसू आलं. चांगलं फिसकन आलं. मग ते एकोणीस माल आठवले, ते कुणाकुणाच्या ताटात गेले असतील ते आठवलं, आणि हसू जिथल्या तिथे विरलं. त्यांनी मामांना एक शब्दही लावला नाही. हुंगल्याशिवाय सही त्यांनी स्वतः केली होती.

बाई आपल्या टेबलाशी जाऊन बसल्या. आता खरं लिहायचं, आणि आत्ता. आधी त्यांच्या मनात आलं, 'घ्राणेंद्रिय' असं काहीतरी लिहावं, पण ण बाणातला की न नळातला यात गोंधळ झाला. मग वाटलं, कशाला? सरळ मराठीत लिहावं. रकाना मात्र अगदी अरुंद, ज्याने छापला त्याने तीन शब्द मोजूनच छापलेला. त्यात 'मला' बसेना. बसेना तर राहू दे, सही माझीच आहे, म्हणजे माझ्याबद्दलच आहे हे शेंबडं पोरही ओळखेल, असं म्हणून बाईंनी लिहिलं: वास येत नाही. कुणी दुर्लक्ष करू नये म्हणून खाली दोन रेघा मारल्या. कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला, आणि कित्येक दिवसांनी त्यांच्या छातीवरचा दगड उतरला.

मग त्या बोलावणं यायची वाट बघत बसल्या. काय बोलायचं ते त्यांनी मनात घोळवून ठेवलं होतं. माफी मागायची, पण रडायचं नाही. चार वाजले, साडेपाच वाजले. बोलावणं आलं नाही. साहेब जाताना उलट हसून म्हणाले, "छान, बाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या तर अंगणात ट्रक भरत होते. प्रत्येक पोत्यावर निळा शिक्का होता: पहिली प्रत.

बाई तरातरा साहेबांच्या खोलीत शिरल्या. समोर गुळगुळीत शेठ बसला होता.

"साहेब, पोती कशी चाललीत? मी काल लिहून दिलंय!"

"हो ना. म्हणूनच चाललीत. वास येत नाही, शिवाय खाली दोन रेघा. दोन रेघा तुम्ही तीस वर्षांत मारल्या नव्हत्या. म्हटलं, काय माल असेल!"

"अहो, वास येत नाही!"

"तेच म्हणतोय मी."

"अहो साहेब, मला! मला येत नाही!"

"तुम्हाला येत नाही म्हणजे कुणालाच येत नाही, बाई. एवढा विश्वास आहे आमचा."

बाईंनी टेबलावर हात आपटला आणि एका दमात सगळं सांगितलं. सर्दी, लसूण, फिनेल, एकोणीस माल. खोकणाऱ्याचं नाव मात्र सांगितलं नाही. साहेबांच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला. त्या एकोणीस कागदांवर खाली त्यांची सही होती.

"म्हणजे हा माल वाईट आहे?" त्यांनी विचारलं.

"मला माहीत नाही. तेच तर सांगतेय. चांगला असेल, वाईट असेल. मी हुंगलेलाच नाही."

"मग असेल की चांगला," शेठ पहिल्यांदाच बोलला.

साहेब खुर्चीत पुढे वाकले. "बाई, शांतपणे विचार करा. शिक्का पडलाय. सात महिन्यांनी तुमचा सत्कार आहे, मी भाषणसुद्धा लिहायला घेतलंय. आता हे बाहेर आलं तर नाक तुमचं गेलंय, पण कापलं जाईल माझं."

खिडकीत साहेबांची विजेची किटली होती, ती बाईंनी चालू केली. अंगणातून मामांकडून ताटभर तांदूळ मागवले. बाईंना ही युक्ती जुन्या निरीक्षकांनी शिकवली होती: शंका आली तर दाण्यावर उकळतं पाणी ओतायचं, पाच मिनिटं झाकायचं, मग झाकण काढायचं. दाणा पोटातलं सगळं बोलून टाकतो. बाईंनी पातेलं साहेबांच्या टेबलावर, भाषणाच्या कागदांवरच ठेवलं आणि झाकण उघडलं. वाफ वर आली. बाईंसाठी ती नुसती वाफ होती.

"सांगा," त्या म्हणाल्या.

"वास येत नाही," शेठ म्हणाला आणि त्याने खिशातून रुमाल काढला.

"वास येत नाही," साहेब म्हणाले. त्यांच्या खुर्चीला चाकं होती. ती हळूहळू खिडकीकडे निघाली होती.

"मामा?"

"मला खरंच येत नाही बाई, तुम्हाला माहितीये," मामा दारातून म्हणाले.

बाईंनी साहेबांकडे बघितलं. "साहेब, खोलीत सगळ्यांनी एकच वाक्य म्हटलं. माझं आणि मामांचं खरं आहे."

शेठ छताचा पंखा बघत होता. मग बाईंनी टेबलावरचा चहाचा चमचा उचलला, पातेल्यात घातला आणि भरून घेतला.

"असं करू. मीच खाते. मला वास नाही, चव नाही, काहीच कळत नाही. दवाखान्यातल्या माणसाला तरी कुठे विचारणार आहोत आपण? उद्यापर्यंत मी बरी राहिले तर ट्रक सोडा."

चमचा तोंडाजवळ गेला. बाई खरंच खाणार होत्या. ते ढोंग नव्हतं. साहेबांनी ते ओळखलं आणि ते खुर्चीतून असे उठले की खुर्ची मागे भिंतीवर जाऊन आपटली.

"अहो खाऊ नका! घाण येतेय! घाण येतेय त्याला!"

बाईंनी चमचा खाली ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं.

"कसली?"

"काय कसली?"

"कसली घाण? कुबट की खवट? रकाना भरायचाय."

साहेबांनी घाम पुसला, पातेल्यावर वाकले आणि आयुष्यात पहिल्यांदा नोकरी केली. "ओले मोजे," ते म्हणाले. "ओले मोजे चार दिवस बुटात राहिल्यासारखी."

"कुबट," बाईंनी कालचा शेरा खोडून लिहिलं. त्यापुढे समासात, रकाना सोडून, बारीक अक्षरात लिहिलं: साहेबांना. मला वास येत नाही.

पोती उतरवली. खालच्या थरातली उसवली तर तांदूळ भिजून वाळलेले, कडेला हिरवट बुरशी. शेठने तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांना चहा विचारला. मामा म्हणाले, "बघा, मी सांगत होतो ना!" एकोणीस मालांच्या राखून ठेवलेल्या नमुन्यांची फेरतपासणी झाली. त्यातले अठरा मामांनी अचूक खोकले होते. एकोणिसावा उगाच नापास झाला होता, कारण तो मालक स्वभावानेच चहा पाजणारा होता. त्या मालकाच्या घरी जाऊन बाईंनी माफी मागितली, आणि त्याने अर्थातच चहा विचारला.

बाई जिन्याखालच्या टेबलावर गेल्या. नियमाप्रमाणे त्यांनी वर लेखी कळवलं, 'या कार्यालयातील निरीक्षकांस वास येत नाही.' दोन महिन्यांनी उत्तर आलं, ते बाईंनीच आवक म्हणून शिक्का मारून घेतलं. आपल्या कार्यालयाच्या स्वच्छतेबद्दल समाधान व्यक्त करण्यात येत आहे, असं त्यात होतं. साहेबांनी ते चौकटीत लावलं. नवा निरीक्षक येईपर्यंत वासाचा रकाना साहेबच भरत होते. माशांत शिकलेलं नाक वाईट निघालं नाही, फक्त त्याला शब्द येत नव्हते. ते ताट घेऊन जिना उतरत आणि विचारत, "बाई, जुनी छत्री उघडल्यासारखा, त्याला काय म्हणायचं?" बाई सांगत. साहेब लिहून घेत आणि परत वर पळत. टेबल वाटलं होतं तेवढं वाईट नव्हतं. दिवा मात्र खरंच वाकडा होता.

वाईट वाटायचं ते घरी. तीस वर्षं नवरा जिन्यावर असतानाच बाईंना कळायचं की तो आलाय: घड्याळाचं तेल, साबण, आणि ती मेली सिगारेट. आता दार वाजेपर्यंत काही कळत नसे. एकदा पाठीमागे येऊन उभा राहिला तर त्या दचकल्या, आणि मग सिंकपाशी तोंड फिरवून रडल्या. नवऱ्याने कारण विचारलं, तेव्हा त्यांनी खरं सांगून टाकलं, "तुम्ही घरात असलात तरी नसल्यासारखं वाटतं हो."

दुसऱ्या दिवसापासून तो दारातूनच ओरडून सांगायला लागला. "आलो! तेलाचा वास आहे, बाही बुडाली डबीत! एक ओढली, कोपऱ्यावर!" शेजाऱ्यांना वाटलं, म्हातारा बिघडला. बाई आतून, "दिसतंय, दुसरी प्रत," म्हणायच्या आणि चहा टाकायच्या.

मग एका संध्याकाळी तो दारात आला आणि नेहमीसारखा ओरडला नाही. चपला काढल्या, आत आला, समोर उभा राहिला.

"आज एकही नाही," तो म्हणाला. "खरंच. शपथ."

बाईंनी त्याच्या बोटांकडे बघितलं. तोंडाकडे बघितलं. जबड्यात लवंग आहे का बघितलं. कॉलर धरायला हात उचलला आणि मध्येच खाली आणला. हुंगून उपयोग नव्हता, आणि खोकायला मामा नव्हते.

"पास," त्या म्हणाल्या.

मामांच्या खोकल्यावर लिहिलेले सोडले, तर न हुंगता पास केलेला बाईंचा हा पहिलाच माल.